पोलीस मागे लागल्याची भीती: गेममधली खरी की पिक्चरमधली?

धरमपेठवाला:
दोन दिवसांपासून मित्राशी याच्यावर वाद चालू आहे म्हणून इथे टाकून राहिलो. माझं मत, पाठलागाची भीती गेममध्येच लागते. २००५ चा नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड हा गाड्या पळवायचा गेम घ्या, नागपुरात बर्डीवरच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशोबानं खेळायचो आम्ही. त्याची खरी जान स्पीडमध्ये नाही, पोलिसांच्या वायरलेसमध्ये आहे. ते आपसात बोलतात, गाडीचं वर्णन सांगतात, पुढे रस्ता अडवायला लावतात, खिळ्यांची पट्टी मागवतात, आणि हे सगळं तुम्हाला ऐकू येऊन राहिलं असते पण वळायला जागा नसते. कसेबसे सुटले की कुठंतरी लपून कूलडाऊनची पट्टी (ती पूर्ण भरली की पाठलाग संपला) भरायची वाट पाहायची, तेवढ्यात बाजूनं पोलीस गाडी गेली का पोटात गोळा. पकडले तर गाडी जप्त व्हायची भीती. पिक्चरमध्ये हिरो सुटणार हे आधीच माहीत असते, माझं काय जाते?

सदरचा पिक्चरवेडा:
नाही पटत भाऊ. १९७१ चा फ्रेंच कनेक्शन पाहा. पळणारा वरच्या पुलावरच्या ट्रेनमध्ये आणि पोलीस खाली रस्त्यावर कारमध्ये, ब्रुकलिनच्या खऱ्या रस्त्यावर शूट केलंय. म्युझिक नाही, फक्त इंजिन, हॉर्न अन् ब्रेक. मधेच एक बाई बाबागाडी घेऊन समोर येते तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. तुझ्या त्या गेमच्या शहरात एक तरी माणूस पायी चालताना दिसते का? रस्त्यावर माणूसच नाही तर भीती कशाची? वर तुम्ही कितीही पळा, पोलीस मागून येऊन चिकटतातच, गेमच त्यांना ओढून आणते.

धरमपेठवाला:
माणसं नाहीत हे मान्य, पण चिकटतात म्हणूनच तर धाकधूक राहते ना बे. ते मागे पडून गेले तर मग पाठलाग कसला.

वर्धारोड:
तुम्ही दोघंही पळणाऱ्याच्या सीटवर बसूनच बोलून राहिले. नीड फॉर स्पीडच्याच १९९८ च्या हॉट पर्सूट गेममध्ये पीसीवर पोलीस बनून खेळता यायचं, ते करून पाहा. मागे लागणाऱ्याचं डोकं वेगळंच चालते, धडक द्यायची का पुढच्याला वळणावर चुकू द्यायचं, हे ठरवण्यातच सगळी मजा. मले तर पळण्यापेक्षा तेच आवडते.

मानेवाड्याची ताई:
सदरवाल्या दादाचं माणसांबद्दलचं पटलं. संध्याकाळी व्हेरायटी चौकात स्कूटीवर वीसच्या वरही जाता येत नाही, तिथं कोणी गाडी पळवली तर पहिले आपल्याला पायी चालणारेच दिसतील. पण वायरलेसचं धरमपेठवाला बरोबर बोलला. माझे बाबा पोलिसांची गाडी चालवायचे. ते म्हणायचे, मागे जिवाच्या आकांतानं पळवण्यापेक्षा पुढच्या चौकाला वेळेवर सांगणं मोठं काम, नाहीतर रस्त्यावरचं कोणी मरते. भाऊ हा गेम खेळायचा तेव्हा बाबा मागे खुर्ची टाकून बसायचे, स्क्रीनकडे फारसं पाहायचे नाही, म्हणायचे त्यांचं बोलणं ऐकू दे, आवाज वाढव.

सदरचा पिक्चरवेडा:
ताई, बाबांना फ्रेंच कनेक्शन दाखवा एकदा. बाबागाडीच्या सीनला ते काय म्हणतात ते मला इथं नक्की सांगा.