मदत हवी आहे: सीओपीडी असताना ऑक्सिमीटरचा आकडा किती धरायचा?

वडील ६८ वर्षांचे, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट, धाप लागणारा आजार). यंत्रमागावर हयात गेली. डॉक्टरांनी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) मिनिटाला १ लिटरवर ठेवलाय आणि ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के पुरे म्हणून सांगितलंय. पण शेजारी म्हणतात ९५ च्या खाली म्हणजे धोका. शिवाय ऑक्सिमीटर क्षणात ८४ तर क्षणात ९३ दाखवतं. आकडा कमी दिसला की लिटर वाढवावं का? मशीन खराब आहे का? (जोडभावी पेठ, सोलापूर)

प्रतिसाद १
लिटर स्वतःहून वाढवू नका, हे आधी. ९५ चा नियम धडधाकट फुफ्फुसांसाठी. सीओपीडीच्या काही रुग्णांत जादा ऑक्सिजन दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि ऑक्सिमीटरला तो दिसतच नाही. स्क्रीनवर ९७ आणि माणूस मात्र गुंगीत, असंही होतं. सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. म्हणून ८८ ते ९२. शेजाऱ्यांना चहा पाजा, सल्ला घेऊ नका.

आता ८४-९३ चं. मशीन बहुधा ठीक असावं, मोजण्यात घोळ आहे. पाच मिनिटं टेकून बसवा. हात गार असतील तर चोळून गरम करा. बोट पार आतपर्यंत, नख दिव्याच्या बाजूला, हात मांडीवर किंवा उशीवर स्थिर. पहिला आकडा लिहायचाच नाही. किमान एक मिनिट थांबा, आकडा स्थिरावला की मगच नोंद. नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या. मशीनवर नाडीची लाट दिसत असेल तर ती एकसारखी हवी. तुटक असेल तर वाचन फुकट.

नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. गच्चीत, उन्हात मोजू नका. त्याच हाताला बीपीचा पट्टा फुगवलेला नको. सेल उतरले की आकडे भरकटतात, दोन पेन्सिल सेल जवळ ठेवा. आणि बोटाचं मशीन कानाच्या पाळीला लावू नका, ते त्यासाठी बनलेलं नाही.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. चांगल्या मशीनलाही चार टक्क्यांपर्यंतचा फरक धरूनच चालावं लागतं; स्क्रीनवर ९० म्हणजे खरं ८६ ते ९४ मध्ये कुठेही असू शकतं. सावळ्या-काळ्या त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये तशी सूचना काढली होती. म्हणून एकेका आकड्यापेक्षा वहीतली रांग बघा. तारीख, वेळ, बसून की चालून, किती लिटरवर, आकडा, नाडी. चालल्यावरचा हवा असेल तर थांबल्याबरोबर बोट लावा आणि हात हलवू नका; बोटापर्यंत रक्त पोचायला काही सेकंद लागतात, त्यामुळे नीचांक थोडा उशिरा दिसतो.

मूळ प्रश्नकर्ता
धन्यवाद. एक विचारतो, बिडी अजून पूर्ण सुटलेली नाही. ओढल्यावर उलट ९५ येतो. मग ऑक्सिजन चांगला आहे असंच ना?

प्रतिसाद १
नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि हे साधं मशीन त्याला ऑक्सिजनच समजतं. ओढल्यानंतरचे आकडे वहीत घेऊच नका. आणि कॉन्सन्ट्रेटर चालू असताना त्या खोलीत बिडी, काडी, उदबत्ती, निरांजन काहीही नको. नळी आणि गादी क्षणात पेटते.

प्रतिसाद ३
कधी हलायचं तेही लिहितो. नीट मोजूनही आकडा नेहमीच्यापेक्षा तीन-चारने खाली राहिला, धाप वाढली, बेडका पिवळा-हिरवा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर, किंवा उठवलं तरी जागे होत नाहीत, तर आकडा काहीही असो, १०८ लावा.

फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा: ‘सीओपीडी, लक्ष्य ८८ ते ९२’. रुग्णवाहिकेत आणि अपघात विभागात पहिल्यांदा तेच दाखवा, नाहीतर घाईत मास्क लावून भरपूर ऑक्सिजन सोडला जाऊ शकतो. उन्हाळ्यात वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद, तेव्हा एक छोटा सिलिंडर भरलेला असू द्या, आणि त्यालाही लिटर डॉक्टरांनी सांगितलेलंच.