माशीच्या 'रक्तपेशी' म्हणायच्या की आणखी काही?

दांडियाबाजारकर:
पुतणी झूऑलॉजीत एम.एस्सी. करते. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तिचा लेख मराठीत करून देतोय. विषय असा, की फळमाशीच्या रक्तपेशी माशीगणिक कमीजास्त का, आणि त्यामागे कोणते जीन, म्हणजे जनुकं. पहिल्याच ओळीला अडलो. माशीच्या अंगात वाहतं त्याला लाल रंग नाही, आणि 'रक्त' म्हणजे मुळात रंगलेलं, तांबडं. आरक्त, रक्तचंदन, सगळीकडे तोच अर्थ. आई म्हणते, 'लोही लिही की!' पन्नास वर्षं वडोदऱ्यात राहून तिची मराठी अर्धी गुजरातीत बुडालीय.

मांजलपूरकर:
लोहीनंही सुटका नाही, काका. ते 'लोहित'वरून आलं, म्हणजे पुन्हा लालच. रुधिर लाल, शोणितही लाल. खून म्हणावं तर मराठीत पोलीस येतात. 'असृज्'ला रंग नाही, पण तो छापलात तर अंक कोणी उघडणार नाही.

प्रयोगशाळेतली:
रक्तपेशीच ठेवा. प्राणवायू वाहणाऱ्या लाल पेशी या माशीला नाहीतच, तिला हवा नळ्यांतून थेट पोचते. आहेत त्या आपल्या पांढऱ्या पेशींच्या भाऊबंद. अळीत सुमारे 95 टक्के प्लाझ्मॅटोसाइट, जंतू गिळणाऱ्या. उरलेल्या बहुतेक क्रिस्टल सेल, जखमेवर काळी खपली धरवणाऱ्या. तिसऱ्या लॅमेलोसाइट एरवी दिसत नाहीत. परजीवी गांधीलमाशीनं अळीत अंडं घातलं की उगवतात आणि त्या अंड्याला वेढून टाकतात.

अळी 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवली की क्रिस्टल सेल काळ्या पडतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली कातडीतूनच मोजायच्या. शेवईवर काळे तीळ सांडल्यासारखं दिसतं. एका वाणात ठिपके दाट, दुसऱ्यात विरळ. मोजून मोजून मान मोडते, ते लेखात घालू नका.

आणि नातं नुसतं दिसण्यातलं नाही. 'लोझेंज' जीन बंद पडला तर क्रिस्टल सेल बनतच नाहीत. त्याचाच भाईबंद जीन माणसात 'रन्एक्स1', ज्याचा बिघाड ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, सापडतो. 'हॉपस्कॉच' जीनच्या एका बिघाडात तर गांधीलमाशी न येताही लॅमेलोसाइट भरमसाट होतात, अळीच्या अंगात काळ्या गाठी धरतात. इतकं गोत जुळल्यावर रंगासाठी कशाला अडायचं?

दांडियाबाजारकर:
पटलं. आता 'व्हेरिएशन'ला काय? तफावत लिहिलंय.

मांजलपूरकर:
तफावत म्हटलं की कोणीतरी पैसे खाल्ल्यासारखं वाटतं. 'विविधता' म्हणाल तर मोर-पोपट आठवतात. गुजरातीतला साधा 'फेरफार' मराठीत आला की लबाडी होते किंवा सातबाऱ्यावरची नोंद. गंमत म्हणजे त्या नोंदीला इंग्रजीत म्युटेशनच म्हणतात, पण जीनमधल्या बदलाला, त्याच म्युटेशनला, तुम्ही 'उत्परिवर्तन' लिहा, नाहीतर वाचक तलाठ्याकडे जाईल.

प्रयोगशाळेतली:
साधं 'फरक' लिहा. आणि 'फळमाशी'वर माझा आक्षेप आहे. शेतकऱ्याची फळमाशी आंबा किडवणारी, ती वेगळ्याच कुळातली. आपली ही ड्रोसोफिला, पिकल्या केळ्यांवर घोंगावतं ते चिलट.

दांडियाबाजारकर:
मग शीर्षक असं: 'केळ्यांवरच्या चिलटांच्या रक्तपेशींत फरक का?' आईला वाचून दाखवलं. म्हणाली, केळी झाकून ठेव आधी.