चित्रकलेच्या वर्गात मुलांना 'नमुना' द्यावा का?

नौपाड्याचा चित्रकलावाला:
शनिवार-रविवार लहान मुलांना चित्रकला शिकवतो. दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो: फळ्यावर 'असं काढा' म्हणून चित्र काढत नाही आणि मुलाच्या कागदाला माझी पेन्सिल लावत नाही. काही पालक यावर नाराज आहेत, म्हणून हा धागा.

नव्या मुलाला निसर्गचित्र काढायला सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड. अहो, येऊरचा डोंगर याच्या गॅलरीतून दिसतो! लांबच लांब आडवा, पावसाळ्यात निम्मा ढगात. पण तो कागदावर येत नाही, कारण नमुना डोळ्यांच्या आधी डोक्यात जाऊन बसलाय. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेकने १८९७ साली मुलांसाठी वर्ग काढला, तो याच विचाराने: मुलाला प्रौढांची नक्कल करायला लावू नका.

ऐरोलीची आई:
सर, तत्त्व छान आहे. पण इंटरमिजिएटला (शासनाच्या चित्रकला परीक्षेला) ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात, बी-ला ५, सी-ला ३. तिथे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सगळं वेळेत हवं. वर्षभर मनातलं रंगवून लेक परीक्षेत अडकली तर? फी आम्ही भरतो, विचारणारच.

जुना जेजेवाला:
आईंशी सहमत, पण गुणांसाठी नाही. हात तयार नसेल तर कल्पना कागदावर उतरणार कशी? तबल्याला बसलेल्या पोराला कुणी 'मनातलं वाजव' म्हणत नाही, आधी बोल घोटून घेतात. आणि चिझेकच्या वर्गातली छापलेली चित्रं बघा, बरीचशी एकाच वळणाची वाटतात. नमुना फळ्यावर नसला तरी सरांच्या 'वा!'मधून पोचतोच. मुलं बेरकी असतात.

नौपाड्याचा चित्रकलावाला:
'वा!'चा मुद्दा मान्य, त्यावर विचार करतो. पण हात तयार करायचा नाही, असं मी म्हटलंच नाही. तांब्याचंच घ्या. मुलं तोंड गोल काढतात आणि बूड सरळ रेघेने कापतात. मी पुसून दुरुस्त करून दिलं तर तो एक तांब्या सुधारेल, पुढची बादली पुन्हा तशीच येईल. म्हणून तांब्या आधी डोळ्यांसमोर धरायला लावतो: तोंडाची नुसती रेघ दिसते. मग हळूहळू खाली न्यायचा, तोंड उघडत जातं. बूड डोळ्यांपासून आणखी खाली, म्हणून त्याचा बाक तोंडापेक्षा जास्त. हे एकदा दिसलं की मूल वाटी, पिंप, पाण्याची टाकी, सगळं आपणहून नीट काढतं.

जुना जेजेवाला:
मग हे शिकवणंच झालं की! नमुना कागदावर नाही, हातात दिलात एवढंच.

नौपाड्याचा चित्रकलावाला:
शिकवणंच आहे. तांब्या देतो, तांब्याचं चित्र देत नाही.

ऐरोलीची आई:
ते ठीक, पण पंधरा मुलांना तांब्या वर-खाली करून दाखवेपर्यंत तास संपतो. परीक्षेच्या सरावाचं काय?

नौपाड्याचा चित्रकलावाला:
परीक्षेआधी दोन महिने घड्याळ लावून सराव, तोही जुन्या प्रश्नपत्रिकांवर. पहिलीपासून तो लावायला मात्र माझा विरोध आहे, फी कितीही द्या.

ऐरोलीची आई:
दोन महिने पुरतात का, हे इथल्या इतर पालकांनी सांगावं. मला शंका आहे.