पाच हजारांच्या हेडसेटला सरसकट "कचरा" म्हणणाऱ्यांसाठी

रात्रपाळी: काल इथे एकाने लिहिलं, "पाच-सहा हजारांचे गेमिंग हेडसेट म्हणजे निव्वळ कचरा, दोन हजारांचे आयईएम (कानाच्या आत घालायचे इयरफोन) घ्या आणि विषय संपवा." वाचून डोकंच फिरलं. अहो, माइकचं काय? माझ्याकडे हायपरएक्स क्लाउड टू आहे, मॉडेल २०१५चं, ५३ मिमीचे ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर). बास जरा जास्त आहे, मान्य, पण व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेममध्ये माणूस वरच्या मजल्यावर पळतोय की खालच्या ते मला कळतं, सहा तास घालून कान दुखत नाहीत आणि नको तेव्हा माइक काढून ठेवता येतो. दोन हजारांत हे सगळं दाखवाच.

कानसेन: तो मीच. कचरा हा शब्द जास्त झाला असेल, मुद्दा सोडणार नाही. खोक्यावर मोठ्ठं ७.१ (सात स्पीकर आणि एक सबवूफर असल्यासारखा चहूबाजूंचा आवाज) छापतात, आत ड्रायव्हर दोनच, एका कानाला एक, बाकी सगळा सॉफ्टवेअरचा खेळ. गेममधलं एचआरटीएफ (आवाज कुठल्या दिशेने येतोय ते भासवणारी सोय) चालू आणि वर ७.१चं बटणही दाबलेलं, मग पावलांचा आवाज सगळा गिचमिड होतो. पैसे मात्र त्या आकड्याचे घेतात!

रात्रपाळी: ७.१ मी पहिल्याच आठवड्यात बंद केलं. माइकचं उत्तर द्या.

डोंबिवली_स्लो: माइक राहू द्या, कुशनवर कोणीच का बोलत नाही?? माझ्या हेडसेटचं (कंपनी सांगत नाही) रेक्झिन दुसऱ्याच पावसाळ्यात सोलायला लागलं, काळे पापुद्रे कानात, मानेवर, उशीच्या अभ्र्यावर, आई म्हणाली कानाला काय झालंय तुझ्या. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो कुशन वॉरंटीत येत नाही. पाच हजार दिलेत मी, फुकट नाही घेतला.

देवगडकर: घाम आणि दमट हवा, रेक्झिन सुटणारच, कुठल्याही कंपनीचं असो. वेलोरचे (मखमली कापडाचे) पॅड लाव.

डोंबिवली_स्लो: लावले की! बास गेला आणि पंख्याची घरघर आत यायला लागली.

देवगडकर: कापडातून हवा जाते म्हणून बास जातो. गाणी ऐकायचीत की गेम खेळायचाय?

डोंबिवली_स्लो: दोन्ही. दोन हेडसेट घ्यायला पैसे झाडाला लागत नाहीत.

कानसेन: म्हणूनच म्हणतो, आयईएम. कुशनच नाही. वर एक साधा टेबल माइक घ्या.

रात्रपाळी: टेबल माइक हातभर लांब, गेन (माइक किती बारीक आवाज पकडतो ते) वाढवला की कुकरची शिट्टी अख्ख्या टीमला. हेडसेटचा माइक तोंडापाशी असतो, फरक तिथेच पडतो. आणि मला मागच्या वर्षी कानात बुरशी झाली होती, डॉक्टरांनी बजावलंय की कानाच्या आत काहीही घालायचं नाही. आता सांगा, कुठले आयईएम घालू?

कानसेन: हे माहीत नव्हतं. ठीक आहे, तुमच्यापुरतं मान्य, माइकचंही मान्य. पण कॉलेजच्या पोराने ७.१ बघून पाच हजार घालवू नयेत, हे मी म्हणतच राहणार.

डोंबिवली_स्लो: तुमचं मिटलं असेल तर सांगा, वेलोर नको आणि रेक्झिनही नको असं पॅड कोणी वापरलंय का? पाऊस तोंडावर आलाय.