मदत हवी आहे: चेकर्ड प्लेटची मॅट खडखडते आणि पुढे सरकते

चाकोरी
लोकहो, तातडीने मदत हवी आहे. गाडीत पायाखाली टाकायला ॲल्युमिनियमच्या चेकर्ड प्लेटच्या (उठावदार नक्षीच्या पत्र्याच्या) चार मॅट कापून घेतल्या. मागच्या दोन चपखल बसल्या. ड्रायव्हरच्या बाजूची मात्र खड्डा आला की खडखडते आणि तीन-चार दिवसांत दोन बोटं पुढे सरकते. दुहेरी टेप लावली होती, सुटली. कुठला गोंद वापरू तेवढंच सांगा, उद्या काम उरकायचं आहे.

इंचपट्टी
गोंदाचं नंतर बघू. प्लेटची जाडी किती? खाली कार्पेट आहे की उघडा पत्रा? मूळ मॅट अडकवायच्या खुंट्या फ्लोअरवर आहेत का? ॲक्सिलरेटर वरून लटकणारा की फ्लोअरला बिजागरीवर बसवलेला? मॅट उलटी करून कडांचा फोटो टाका. जिथे घासते तिथे चकचकीत रेघ उमटलेली असते.

पोलादी
मुळात ॲल्युमिनियम घेतलं तिथेच चुकलं. स्टेनलेस स्टीलच्या ३०४ ग्रेडचा १ मिमी पत्रा घ्या. पातळ असूनही ताठ राहतो, पोचे येत नाहीत.

पत्रेकाम
@पोलादी, हिशोब उलटा आहे. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ, हे एकाच जाडीला खरं. २ मिमी ॲल्युमिनियम मात्र १ मिमी स्टीलपेक्षा जवळजवळ तिप्पट ताठ भरतं. वजन चौरस मीटरला ५.४ किलो, स्टीलचं ८ च्या आसपास. शिवाय साधा स्टेनलेस पत्रा ओल्या बुटाखाली निसरडा होतो.

पोलादी
पोच्यांचं उत्तर आलं नाही. ॲल्युमिनियम मऊ असतं, टाचेखालची नक्षी झिजून सपाट होतेच.

पत्रेकाम
होते, मान्य. टाचेच्या जागी रबराचा तुकडा रिव्हेट करा, त्यासाठी अख्खी प्लेट बदलायला नको.

तेलपाणी
अवांतर: ॲनोडायझिंग (विजेने ऑक्साइडचा कठीण थर चढवणं) करणार असाल तर कापून, वाकवून, भोकं पाडून झाल्यावरच करा. आधी केलं तर वाकवलेल्या रेषेवर थराला बारीक तडे जातात. पावडर कोटिंग नक्षीच्या उंचवट्यांवरून सगळ्यात आधी उडतं.

चाकोरी
रंगाचं विचारलंच नव्हतं. असो. जाडी ३ मिमी. खाली कार्पेट, त्याखाली जाड फोम. खुंट्या दोन आहेत, पण प्लेटला भोकं नाहीत. पेडल लटकणारं. पुढची कड वर वाकवली आहे, तिथे बारीक चीर दिसते. डावीकडे प्लेट फुटरेस्टला आणि उजवीकडे मधल्या उंचवट्याच्या प्लास्टिकला टेकते. साचा कार्पेटच्या मापाने घट्ट काढला होता, फट दिसू नये म्हणून.

पत्रेकाम
चीर म्हणजे प्लेट बहुतेक ६०६१-टी६ या कडक ॲल्युमिनियम मिश्रधातूची असावी. ती अरुंद त्रिज्येत वाकवली की बाहेरच्या बाजूने फाटते. वाकवायच्या कामाला ५०५२ किंवा ३००३ या सहज वाकणाऱ्या मिश्रधातूची घ्यावी, आणि आतली त्रिज्या निदान जाडीएवढी ठेवावी. वाकवलेला भाग आता कापूनच टाका. चीर वाढली की पात्यासारखी कड तयार होते, नेमकी पायाच्या बोटांपाशी.

इंचपट्टी
आता कारण कळलं. रबरी मॅट कडेला दबते, धातूची दबत नाही. बॉडी पिळली की प्लेट दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकवर आपटते, तोच खडखडाट. असं करा:

चहूबाजूंनी ६ ते ८ मिमी फट ठेवून पुठ्ठ्याचा नवा साचा काढा आणि त्या मापाने कडा कापा. जिगसॉला धातूचं बारीक दातांचं पातं लावा आणि पात्यावर थोडं केरोसीन सोडत राहा, नाहीतर दातांत ॲल्युमिनियम भरतं आणि पातं नुसतं घासतं. कोपरे १५ मिमी त्रिज्येचे गोल करा, कानशीने कडांची धार बोथट करा, मग कडेला रबरी यू-बीडिंग (कडेवर बसणारी यू आकाराची पट्टी) चढवा. बीडिंगची जाडी फटीतून वजा होते हे साचा काढतानाच धरा.

खाली ३ मिमी बंद पेशींचा फोम लावा. उघड्या पेशींचा नको, तो पाणी धरून ठेवतो. मग चारही कोपरे आळीपाळीने दाबा. एक कोपरा दाबल्यावर समोरचा उचलला गेला तर प्लेट तिरकी टेकली आहे. तिथे फोमचा आणखी एक थर द्या.

पोलादी
एवढ्या खटाटोपापेक्षा फ्लोअरला भोक पाडून दोन बोल्ट मारा, विषय संपला.

कानस
@पोलादी, हे कृपा करून कोणाला सुचवू नका. फ्लोअरच्या खालून ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप जातात, कार्पेटखाली वायरिंग असतं. शिवाय भोकाच्या उघड्या कडेला गंज धरतो.

@चाकोरी, तुमचा खरा धोका खडखडाट नाही. दोन बोटं पुढे सरकलेली प्लेट ॲक्सिलरेटरखाली जाऊ शकते. रबरी मॅटमध्येही पेडल अडकतं. २००९ मध्ये टोयोटाने याच धोक्यासाठी अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. गोंदावर विसंबू नका, उन्हात तापलेल्या गाडीत तो मऊ पडतो. दुरुस्ती होईपर्यंत ती मॅट बाहेर काढून ठेवा.

मूळ खुंट्यांचाच आधार घ्या. खुंट्यांच्या टोकांना खडू लावा, प्लेट जागेवर धरून दाबा, खालच्या फोमवर ठसे उमटतील. तिथे भोक पाडून रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं खाचेचं कडं) बसवा आणि मूळ मॅट खुंटीला अडकवणाऱ्या चकत्याच वरून फिरवा. मग इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल तळापर्यंत दाबा. बूट घालून, सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे, दोन्ही वेळा. पेडल कुठेही प्लेटला शिवता कामा नये, आणि सोडल्यावर आपोआप वर आलं पाहिजे.

चाकोरी
मॅट काढली. पेडल पूर्ण दाबल्यावर वाकवलेली कड जेमतेम ५ मिमीवर होती, हे बघितलंच नव्हतं. ती कड कापतो. पण मग पुढचा उतार उघडा राहील, त्याचं काय?

कानस
त्याला कार्पेटच राहू द्या. प्लेट पेडलांच्या अलीकडे, सपाट भागातच संपवा. तिथे टाच टेकते, झीजही तिथेच होते.

तेलपाणी
ग्रोमेट घेताना खाचेची रुंदी ३ मिमी बघून घ्या. १.५ मिमीचं ३ मिमीच्या प्लेटमध्ये बसत नाही.