मदत हवी आहे: पांढरी टोपी आणि सावळा चेहरा, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, दर बुधवारी सकाळी गोदाघाटावरच्या बाजारात पोर्ट्रेट काढायला जातो, ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे, फ्लॅश वापरत नाही कारण म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यावर मारायला नको वाटतं. अडचण अशी की भाजीवाल्या बाबांची टोपी पांढरीशुभ्र आणि चेहरा उन्हात रापलेला, चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग केलं (फक्त तेवढ्याच भागाचा उजेड मोजला) की टोपी पार फुटते, नुसती पांढरी दिसते, टोपी सांभाळली तर डोळे काळोखात जातात. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढून नंतर शॅडो उचलल्या, म्हणजे काळोखे भाग उजळवले, तर नॉईज येतो, फोटो दाणेदार होतो. चेहऱ्यावर उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा खालून धरून बघितला, फरक पडला बरं का, पण धरायला माणूस कुठून आणायचा?

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. परवानगी विचारली की समोरचा माणूस एकदम ताठ होतो, पासपोर्ट फोटोसारखा. मेथी निवडताना त्या आजी इतक्या सुंदर हसत होत्या, "आजी, एक फोटो काढू का" म्हटलं तर पदर सारखा करून गप्पच बसल्या. न विचारता काढणं मला पटत नाही. तुम्ही काय करता, आधी गप्पा मारता का? पुढच्या बुधवारी त्यांना प्रिंट नेऊन द्यायचीय, त्याआधी सांगा प्लीज.