रात्रीची जेमतेम ४० मिनिटं आणि जलरंग: चित्र पुरं कसं करायचं?

हिरवी_शाई
नोकरी आणि घर सांभाळून रोज रात्री ४० मिनिटं मिळतात, तीही सलग मिळतीलच असं नाही. माध्यम जलरंग, कागद ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), आकार पाव शीट (साधारण २८ × ३८ सेंमी). एका बैठकीत चित्र होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुढे न्यायला घेतलं की कालचा भाग आणि आजचा भाग जुळत नाही. आकाशात मधोमध कड उमटते, छटा बदलते. मांडामांड आणि आवराआवर यातच १५ मिनिटं जातात, ती वेगळीच. ॲक्रिलिककडे वळावं का, की जलरंगातच यावर काही पद्धत आहे? ‘रोज थोडं थोडं करत राहा’ हा सल्ला कृपया नको, तो पाठ आहे.

पाणीदार
ॲक्रिलिकने अडचण वाढेल. पॅलेटवर उरलेला रंग वाळला की गेला, आणि घाईत ब्रश धुवायचा राहिला तर तोही गेला. जलरंग वाळला तरी पाणी लागताच पुन्हा उठतो. तुटक वेळ असणाऱ्याला याहून सोयीचं माध्यम नाही.

गडबड थांबण्याच्या जागेत आहे. तुम्ही घड्याळ बघून थांबता. थांबायचं ते वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसलग थर, संपल्यावर. अर्धवट सोडलेल्या वॉशच्या कडेला वाळताना रंगकण गोळा होतात आणि पक्की रेघ बसते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर पाणी फिरवून ती जात नाही, उलट आजूबाजूचा रंगही उचलला जातो. आकाश सुरू केलं की क्षितिजापर्यंत न्यायचंच. तेवढा वेळ हाताशी नसेल तर त्या रात्री आकाशाला हात लावू नका.

म्हणून कामाचे तुकडे पाडायचे ते थरांप्रमाणे, ‘आज डावी बाजू, उद्या उजवी’ असे नव्हेत. पहिल्या रात्री साधारण ५ × ७ सेंमीची तीन छोटी स्केचेस, फक्त उजळ, मधला आणि गडद अशा तीन टोनमध्ये. त्यातलं एक निवडून कागदावर रेखाटन. दुसऱ्या रात्री पांढरं राखायचं तेवढं सोडून सगळीकडे पहिला हलका वॉश. हे २० मिनिटांत होतं. मग कितीही हात शिवशिवले तरी उठायचं. तिसऱ्या रात्री मधले टोन आणि मोठे आकार, चौथ्या रात्री गडद जागा आणि बारकावे. एरवी थर वाळण्याची वाट बघत ताटकळावं लागतं, इथे तेवढ्यात तुमची नोकरी होऊन जाते.

छटा बदलते ती मिश्रणामुळे. काल कालवलेला रंग आज भिजवला की पाण्याचं प्रमाण बदलतं, आणि अल्ट्रामरीनसारख्या निळ्या रंगाचे कण तळाला बसलेले असतात, ते सारखे उठत नाहीत. एका वॉशला लागणारा रंग एकदाच कालवा, अंदाजाच्या दीडपट. उरला तर उरू दे, कमी पडला तर वॉश गेला. कागदाच्या कडेला पट्टी राखून तिथे प्रत्येक मिश्रणाचा ठिपका द्या आणि शेजारी पेन्सिलने ‘अल्ट्रामरीन २, बर्न्ट सिएना १’ असं प्रमाण लिहा. दुसऱ्या दिवशी जुळवताना वाळलेल्या ठिपक्याशी वाळलेला ठिपकाच ताडून बघा, कारण ओला रंग वाळल्यावर फिका पडतो.

तिसरा_थर
थरांबद्दल सहमत. मांडामांडीबद्दल लिहितो.

दोन महिने पाव शीट सोडा आणि १९ × २८ सेंमीवर काम करा. क्षेत्रफळ निम्मं, आणि ३०० जीएसएमचा एवढा कागद चारही बाजूंनी टेप लावून बोर्डावर बसवला की भिजवून ताणायची गरज सहसा पडत नाही. तेच १९० जीएसएमवर केलंत तर कागदाला लाटा येतील, खोलगट जागी पाणी साचेल आणि डाग पडतील.

रंग ट्यूबमधून दरवेळी पिळू नका. रिकामे हाफ पॅन (रंग भरायच्या छोट्या डब्या) आणून ते एकदाच भरून ठेवा. एका दमात काठोकाठ भरले तर आक्रसून तडकतात आणि पॅनमधून सुटतात, म्हणून अर्धा थर, दोन दिवस वाळवणं, मग वरचा थर. सुरुवातीला सात-आठ रंग भरपूर झाले. बसण्याआधी पाच मिनिटं पाण्याचा फवारा मारून ठेवा, तोवर बाकीची कामं होतात. संपल्यावर पॅलेटचं झाकण लगेच लावू नका, ओल आत कोंडून बुरशी धरते. बोर्ड, पॅलेट, पाण्याची दोन भांडी, तीन ब्रश, फडकं हे सगळं एका ट्रेमध्ये. ट्रे उचलला की मांडणी झाली. ब्रश मात्र भांड्यात उभे ठेवून झोपायला जाऊ नका. टोकं वाकतात आणि पाणी केस धरणाऱ्या पत्र्याच्या आत शिरून दांडा फुगतो.

आणखी एक धोका खास रोज थोडं काम करणाऱ्यांना: मास्किंग फ्लुइड, म्हणजे पांढरी जागा राखायला लावतात तो रबरी द्रव. दिवसेंदिवस ठेवलं तर ते कागदाला घट्ट धरतं आणि काढताना वरचा थर सोलून आणतं. ज्या रात्री लावाल त्याच रात्री वॉश, आणि वॉश पूर्ण वाळला की लगेच काढा. झोपायची वेळ झाली म्हणून त्यावर हेअर ड्रायर चालवू नका, उष्णतेने ते आणखीच चिकटतं.

हिरवी_शाई
हे कामाचं आहे, आभार. दोन उपप्रश्न. रात्रीच्या दिव्याखाली बरोबर वाटलेले रंग सकाळी भलतेच दिसतात. आणि अगदी गळून गेलेल्या रात्री काय करायचं?

कोरडा_ब्रश
घरातला नेहमीचा पिवळसर दिवा २७०० ते ३००० केल्विनचा (प्रकाशाच्या रंगाचं माप) असतो. त्याखाली कागदच पिवळट दिसतो, त्यामुळे फिका पिवळा नीट दिसत नाही आणि तुम्ही जास्त लावता. निळा मंद वाटतो, तोही वाढवता. सकाळी दोन्ही अंगावर येतात. ५००० केल्विनच्या आसपासचा आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा वरचा दिवा घ्या. उजव्या हाताने काढत असाल तर तो डावीकडून, जरा तिरका ठेवा, म्हणजे वॉशची चकाकी दिसते. चकाकी आहे तोवर ओल्यात रंग सोडता येतो. चकाकी गेली पण कागद अजून गार लागतोय, ही सगळ्यात वाईट वेळ. तेव्हा ओला ब्रश टेकवला की पाणी रंग ढकलत जातं आणि झालरीसारखा डाग उमटतो. घाईत सगळ्यात जास्त चित्रं इथेच बिघडतात. हाताच्या मागच्या बाजूने चाचपा, गार लागलं तर थांबा.

गळून गेलेल्या रात्रीसाठी पाणीदार यांच्या योजनेत थोडी दुरुस्ती सुचवेन. एकाच चित्राच्या चार ओळीने रात्री ठरवल्या की एक चुकली तरी गाडी अडते. त्यापेक्षा तीन कागद तीन टप्प्यांवर ठेवा: एक रेखाटनावर, एक पहिल्या वॉशनंतर, एक शेवटच्या गडद टोनवर. मग त्या रात्री किती त्राण आहे हे बघण्याऐवजी मध्येच उठावं लागेल का, एवढंच बघायचं. उठावं लागणार असेल तर रेखाटन, टोन-स्केच, कागद कापणं, टेप लावणं, ड्राय ब्रशचं, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचं काम. हे कुठेही सोडता येतं. २० मिनिटं कोणी हाक मारणार नाही याची खात्री असेल तरच वॉश.

पाणीदार
तीन कागदांचं मान्य. फक्त मग टेपही लांबतो आणि मास्किंग फ्लुइडसारखाच त्रास देतो. ज्या कागदाचं काम आठवडाभर लांबणार असेल त्याचा टेप काढून ठेवा. कागद पूर्ण वाळल्यावर, टेप मागे दुमडत, चित्रापासून बाहेरच्या दिशेने हळू ओढा. हट्टाला पेटलाच तर इथे मात्र हेअर ड्रायर चालतो, थोडी ऊब दिली की गोंद सैल होतो.